ज्यांचे कप एका जागी

मला टीबी झाला होता. हे वाक्य मी असं सरळ लिहिते, कारण आमच्या घरात ते सरळ कुणी उच्चारलंच नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, 'तिची तब्येत' एवढंच म्हणायच्या. नवरा म्हणायचा, 'छातीचं जरा.' शाळेत हेडमास्तरांनी रजेच्या अर्जावर 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहायला लावलं. आता बरी होऊन कितीतरी वर्षं झाली. छातीच्या फोटोतला डाग गेला. राग मात्र गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

ज्यांच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं आहे आणि त्याच घरात चार-पाच वर्षांचं लेकरू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. औषधाचं काय ते डॉक्टर सांगतील. लेकराचं कुणी सांगत नाही.

पहिलीच्या बाई

मी पहिलीच्या वर्गाला शिकवायची. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, शाळा शेजारच्या गावात, रोज तीन किलोमीटर पायी. त्या साली आमचा तालुका उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आला आणि त्याच साली विहिरी आटल्या. पेंटर येऊन शाळेच्या पाटीवरचं जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहून गेला. वर्गातली पोरं ते बघत उभी होती.

"बाई, आपलं गाव हललं का?" एकानं विचारलं.

मी म्हटलं, गाव जागच्या जागी आहे, फक्त जिल्हा बदलला. तेव्हा पुढच्या रांगेतली एक पोर शांतपणे म्हणाली, "म्हणून हिरीत पानी न्हाई. पानी तिकडंच ऱ्हायलं."

हे मी मधल्या सुट्टीत सगळ्या मास्तरांना सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. घरी येऊन पुन्हा सांगितलं, पुन्हा हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. त्या पोरीनं काय चुकीचं केलं होतं? पाटी बदलली, मग पाणी गेलं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मोठ्यांनी तिला दुसरं काही सांगितलं नव्हतं. हाताशी होतं तेवढ्यातून तिनं हिशेब जुळवला आणि तो चोख जुळवला. लहान मुलं भोळी असतात असं आपण म्हणतो ते आपल्या सोयीचं असतं, कारण एकदा भोळं म्हटलं की त्यांना काही सांगायला नको.

खोकला दिवाळीपासून होता. मी खडूच्या भुकटीला बोल लावत राहिले. मग संक्रांतीनंतर एके दिवशी पाढे म्हणून घेताना खोकल्याची उबळ आली, तोंडाला पदर लावला आणि पदरावर लाल उठलं.

"बाईनं पान खाल्लं," मागून एक जण म्हणाला, आणि सगळा वर्ग खूश झाला. मी त्यांना तसंच समजू दिलं.

वेगळं, सगळं वेगळं

अहमदपूरहून लातूरपेक्षा नांदेड आम्हाला जवळ, म्हणून लोह्यावरून एस.टी.नं तिकडे गेलो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. डॉक्टर फोटो उजेडाला धरून बघत होते. रोगाचं नाव त्यांनी त्या फोटोकडे बघतच सांगितलं. मग विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

"एक मुलगी आहे. सुजाता. साडेचार वर्षांची."

"हं," म्हणाले आणि लिहायला लागले. तिच्याबद्दल कुणी विचारल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. बाहेर खिडकीपाशी बसलेल्या एका माणसानं कागद देता देता एका दमात सांगून टाकलं: ताट वेगळं, वाटी वेगळी, गलास वेगळा, अंथरूण वेगळं, लेकरू वेगळं. त्याला पुढच्याचा नंबर पुकारायचा होता. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मान डोलावून सगळं लक्षात ठेवलं. एरवी घरातून सांगितलेल्या चार वस्तूंतल्या दोन विसरून येणारा माणूस.

दोन महिने भरती व्हायला सांगितलं. सुजीला काय सांगायचं, यावर घरात पाच मिनिटंसुद्धा बोलणं झालं नाही.

"ट्रेनिंगला गेली म्हनू," आत्याबाई म्हणाल्या. "लेकराला काय कळतंय?"

आणि मी, पहिलीची बाई, बालमानसशास्त्राचा पेपर देऊन पास झालेली, 'बरं' म्हणाले. हा राग माझ्या स्वतःवरचा आहे, तो आधी लिहून ठेवते. बाकीच्यांचा पुढे येईलच.

खिडकी

वॉर्डात बायकांच्या अठरा खाटा. सकाळी सहाला झाडू, सातला चहा, आठला इंजेक्शनची रांग. रोज एक, आज डाव्या बाजूला, उद्या उजव्या. महिन्याभरात बसायला जागा उरत नाही, कुशीवर जेवायची वेळ येते. औषधानं कान गुणगुणायचे, उठलं की जमीन एका बाजूला कलल्यासारखी वाटायची. भीती वाटायची का? वाटायची. दुपारी, सगळ्या झोपल्या की जास्त. आपण मेलो तर सुजीला ट्रेनिंग अजून चालू आहे म्हणून सांगतील की काय, असलं काहीतरी मनात यायचं.

शेजारच्या खाटेवर हदगावकडच्या गयाबाई होत्या. कापूस वेचणाऱ्या, बोटं सगळी चिरलेली, वय साठीच्या पुढे. शिकलेल्या नव्हत्या. मला 'मास्तरीण' म्हणायच्या. माझी ट्रेनिंगची गोष्ट ऐकून त्या उठूनच बसल्या.

"मास्तरीण असून खोटं सांगून राहिली? अगं, लेकरू काय येडं असतंय? आई गेली एवढं तिला दिसलं ना. कामून गेली ते तू न्हाई सांगितलं तर ती आपल्या मनानं बनवती. अन् लेकरांच्या मनानं बनवलेलं लई वाईट असतंय बाई. बलाव तिला. दुरून दाव."

वॉर्डात मुलांना सोडत नसत. गयाबाईंच्या सांगण्यावरून एका रविवारी हे सुजीला घेऊन आले आणि आवारात, आमच्या खिडकीसमोरच्या कडुलिंबाखाली उभे राहिले. मी पदर तोंडावर घट्ट धरून गजांपाशी गेले आणि हात हलवला. सुजीनं हलवला नाही. ती एकेका खिडकीकडे बघत होती, सगळीकडे तोंडावर पदर घेतलेल्या बायका. मग तिनं मोठ्यानं यांना विचारलं, "हितं मास्तर कोनाय?"

गयाबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मीही त्या दिवशी पहिल्यांदा एका मुलाच्या बोलण्यावर हसले नाही. माझी लेक मला ओळखत होती, पण आम्ही सांगितलेलं ट्रेनिंग आणि तिला दिसलेलं यांचा मेळ तिला लागत नव्हता, आणि मेळ लागेपर्यंत ती हात हलवणार नव्हती.

कोनाडा

दोन महिन्यांनी थुंकी तपासली. जंतू नव्हते. डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं, "गोळ्या वर्षभर चुकवायच्या नाहीत. खोकताना तोंडावर कपडा. बाकी मुलीला जवळ घ्या, काही होत नाही. आणि भांड्यांनी हा रोग पसरत नाही, ती वेगळी ठेवायचं कारण नाही."

हे शेजारीच उभे होते, त्यांनी ऐकलं. त्यांचं ऑफिस नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ते लातुरात राहायचे आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं यायचे. मला घरी सोडून, आत्याबाईंना काही न बोलता, सोमवारी सकाळी ते निघून गेले.

घरी माझ्यासाठी सगळी तयारी होती. बाहेरच्या ओसरीवर बाज. भिंतीतल्या कोनाड्यात एक ताट, एक वाटी, एक स्टीलचा गलास. गलासाच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका, चुकून आतल्या भांड्यांत मिसळू नये म्हणून. मी गलास पुढे करायचा, आत्याबाई तांब्या उंच धरून वरून पाणी ओतायच्या. धार गलासाच्या काठाला लागली तर हात झटकन मागे. प्यायल्यावर मी माझा गलास राखेनं घासायचा, टँकरचं पाणी म्हणून पेलाभर पाण्यात विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा.

ही पद्धत मला ओळखीची होती. आमच्या गावात कुणालाही ती ओळखीची असेल. फाट्यावरच्या हॉटेलात आमच्या वस्तीचे कप बाहेरच्या कोनाड्यात असायचे. आम्ही बौद्ध. चहा हवा असला तर कप आपण उचलायचा, मालक वरून ओतणार, पिऊन झाला की धुऊन आपणच पालथा घालायचा. आत्याबाईंनी जन्मात त्या हॉटेलाची पायरी चढली नव्हती. दीक्षा घेतली तेव्हा त्या ऐन तिशीत होत्या. 'इज्जत चहापेक्षा गोड असती,' असं म्हणायच्या. त्याच आत्याबाई माझ्या गलासात वरून पाणी ओतत होत्या आणि त्यांच्या काही ध्यानातही येत नव्हतं.

मी गलास पुढे करत राहिले. आजारी माणसाला फार लवकर सवय होते, आपण चुकलो आहोत असं वाटण्याची.

सुजी माझ्याजवळ येत नव्हती. रागानं नाही, भीतीनंही नाही. पाहुण्या बाईशी वागावं तसं चांगलं वागायची. उंबऱ्यावर बसून बोलायची, हाक मारली की तिथंच थांबायची. झोपायला आजीजवळ. एकदा मी पाणी मागितलं तर आतून तांब्या घेऊन आली, टाचा वर केल्या आणि जमेल तेवढ्या उंचावरून धार सोडली. अर्धं पाणी माझ्या मांडीवर सांडलं.

"असं वरून का ओततेस गं?"

"असंच ओततेत."

"कुणाला?"

तिनं जरा विचार केला. "जे आपले न्हाईत त्यांला."

मी हात पुढे केला नाही. पहिलीच्या वर्गात विचारते तसं, आवाज न बदलता विचारलं, "आणि आपलं कोण असतं?"

तिला ते इतकं उघड वाटत होतं की ती जरा वैतागलीच. तिनं बोटांवर मोजत सांगितलं. ज्यांचे कप एका जागी असतात ते एकमेकांचे. आजीचा, बाबाचा, तिचा गलास आत मांडणीवर, म्हणून ते एकमेकांचे. हॉटेलच्या कोनाड्यात तिचा आणि बाबाचा कप, म्हणून ते तिथंपण एकमेकांचे. माझा एकटाच. "तू ट्रेनिंगला गेलीस ना," ती म्हणाली, "मग तू तिथली झालीस."

या बोलण्यातून मला आणखी एक गोष्ट कळली. हे दर शनिवारी गाडीतून उतरून त्या हॉटेलात चहा पीत होते आणि आजीबरोबर फाट्यावर घ्यायला आलेल्या लेकीलाही तिथलाच कप देत होते. आत्याबाई दूर, वडाखाली उभ्या राहायच्या. मी यांच्याशी याच गोष्टीवरून लग्नाच्या पहिल्या वर्षी भांडले होते.

मांडणी

त्या संध्याकाळी मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, आणि सुजी काय म्हणाली ते.

त्या आधी चिडल्या. "डागदरला काय जातंय बोलायला? माझा भाऊ ह्याच खोकल्यानं गेला. एका ताटात जेवायचो समदे. त्याच्यामागं त्याची दोन लेकरं गेली. तवा कुनी वेगळं ठिवलं असतं तर? मी तुला बाहेर ठिवलं ते काय हौस हाय का मला?"

भावाचं मला माहीत नव्हतं. बारा वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. त्यांची भीती खरी होती आणि ती मला समजली. पण समजलं म्हणून राग ओसरतो असं नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुमची भीती मला सांगा, सुजीला सांगा. पण फाट्यावरचा कोनाडा आपल्या घरात बांधू नका. लेकरानं ओळखला तो."

त्या मग उठल्या, कोनाड्यातलं ताट, वाटी, गलास उचललं आणि आत नेलं. मला वाटलं, संपलं. सकाळी आत जाऊन बघते तर माझी भांडी मांडणीच्या अगदी खालच्या फळीवर होती, एकटी. बाकीची सगळ्यांची वरच्या फळीवर. आत्याबाईंना तेवढंच झेपलं होतं.

सुजीनंही ते बघितलं. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. ती उंबऱ्यावर बसत राहिली.

शनिवारी यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "होईल हळूहळू. आईचं वय झालं. पोर लहान हाय, विसरल." हळूहळू! या शब्दावर माझा इतका राग आहे की तो शब्द मी वर्गात कधी वापरत नाही. 'हळूहळू' म्हणणाऱ्याच्या पायात काटा नसतो.

माझ्यासारख्या जे कुणी हे वाचत असतील त्यांना एवढंच सांगते. लेकराला रोगाचं नाव सांगा. किती दिवस लागतील ते सांगा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून सांगा. का जवळ घेत नाही ते सांगा. त्याला कळेल का, याची फिकीर करू नका. नाही सांगितलं तरी ते काहीतरी कळून घेतंच, आणि तुम्ही त्याच्यासमोर जे जे मांडून ठेवलं आहे त्यातूनच घेतं. मी स्वतः हे त्या दिवसांत केलं का? सुरुवात केली. 'माझ्या छातीत रोग होता, औषधानं चालला आहे' असं सुजीला सांगितलं. तिनं ऐकलं, मान हलवली आणि मग आतल्या मांडणीकडे नजर टाकली. शब्दांपेक्षा फळीवर तिचा विश्वास जास्त होता.

फाटा

सहाव्या महिन्याची तपासणी होती. त्या वेळी हे सुट्टी घेऊन बरोबर आले आणि सुजीलाही नेलं. फोटो स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, शाळेत जायला हरकत नाही. दुपारी चारच्या सुमारास गाडीनं आम्हाला फाट्यावर सोडलं. पाऊस लांबला होता, उन्हं रखरखत होती. हॉटेलासमोरच्या दगडावर मी टेकले. हे हॉटेलाकडे गेले, सुजी त्यांच्या मागे धावली.

वळली ती दोन्ही हातांत कप धरून. कान तुटलेला, आतून चहाचे डाग पडलेला पांढरा कप. मालकानं वरून ओतलेला चहा काठोकाठ होता आणि ती तो सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून, एकेक पाऊल टाकत माझ्याकडे येत होती. आली आणि सरळ माझ्या मांडीवर बसली.

सहा महिन्यांत पहिल्यांदा. तिच्या केसांना गाडीतल्या धुळीचा वास येत होता. मी हलले नाही, श्वाससुद्धा जपून घेतला.

"आई, तुझा कप हितं आमच्यासंगंच हाय," ती म्हणाली. तिचं तोंड आनंदानं फुललं होतं. "मी बघितलं. माझा, बाबाचा अन् तुझा. एकाच जागी. पी."

हे हॉटेलाच्या पायरीखाली उभे होते, त्यांच्या हातात त्यांचा कप. मालक गल्ल्यामागून आमच्याकडे बघत होता. आत चार माणसं बाकावर बसून पीत होती. त्यांचे कप आतले.

"घे एक घोट," हे हळूच म्हणाले. "एवढी खूश हाय पोरगी. एका घोटानं काय होतंय?"

मला किती प्यावासा वाटला म्हणून सांगू. चहा नाही, तिच्या हातचं काहीही. तिनं जहर आणलं असतं तरी त्या क्षणी ओठाला लावलं असतं. माझी लेक मला परत मिळत होती, आणि मिळत होती कुठं, तर माणसं बाहेर ठेवायच्या कोनाड्यात. आम्हाला सगळ्यांना मिळून बाहेर काढणाऱ्या त्या माणसामुळे ती मला 'आपली' म्हणत होती. मी प्यायले असते तर तिचं गणित पक्कं झालं असतं आणि जन्मभर तसंच राहिलं असतं.

मी कप तिच्या हातातून घेतला आणि दगडावर ठेवला.

"सुजी, ऐक. हा कप माझा नाही. तुझा नाही, बाबांचाही नाही. आपण यांच्या कपाला शिवू नये म्हणून हे वेगळे ठेवतात. मला रोग झाला म्हणून आजीनं माझा गलास वेगळा ठेवला होता. आजी घाबरली होती. आपल्याला कुणालाही रोग नाही, तरी हे आपल्याला बाहेर ठेवतात. हे वाईट आहे. म्हणून मी इथं पिणार नाही."

मी आवाज बारीक केला नाही. आतल्या बाकावरची माणसं प्यायची थांबली. मालक म्हणाला, "मास्तरीणबाई, लेकराला कशाला असलं शिकवायलाव?"

"तुम्ही शिकवलंत ते पुसायलेय," मी म्हटलं.

सुजीला यातलं किती कळलं कोण जाणे. तिला एवढंच कळलं की तिनं इतक्या जपून आणलेला चहा मी प्यायले नाही. ओठ वाकडा झाला आणि तिनं भोकाड पसरलं. हे तिला घ्यायला पुढे झाले. तिनं त्यांचा हात झिडकारला. मग आजी कुठं दिसते का म्हणून वडाकडे बघितलं. त्या दिवशी आजी आलेली नव्हती.

मी तिला उचललं. सहा महिन्यांचं औषध पोटात होतं, अंगात कणभर बळ नव्हतं, हे म्हणाले, "ठेव, पडशील." मी ठेवलं नाही. फाट्यापासून वस्तीपर्यंत तिनं माझ्या पाठीवर मुठी मारल्या, मला वाईट म्हणाली, ट्रेनिंगला परत जा म्हणाली. रडली ती पार घरापर्यंत. पण माझ्या खांद्यावर रडली.